हयातीचा दाखला

श्रोते हो, नोव्हेंबर महिना लागला, की तालुक्याच्या कोणत्याही बँकेसमोर एक दृश्य हमखास दिसते. दरवाजा उघडायच्या आधीच पायऱ्यांवर म्हातारी माणसे येऊन बसलेली असतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी पोलीस खात्यातले हवालदार, कोणी पाटबंधारे खात्यातले कारकून. एखादी आजीबाई नातवाचा हात धरून आलेली. प्रत्येकाच्या पिशवीत पासबुक, चष्मा आणि घडी घातलेला कागद. आपली पाळी आली, की कारकून यादी पुढे सरकवतो आणि आजोबा थरथरत्या हाताने आपल्या नावासमोर सही करतात. "झालं?" "झालं बाबा. आता पुढच्या वर्षी या." "हो, पुढच्या वर्षी असलो तर येतो!" असे म्हणून आजोबा हसतात, कारकूनही हसतो. ह्या सोहळ्याचे नाव हयातीचा दाखला. मी अजून जिवंत आहे, असे माणसाने सरकारला वर्षातून एकदा कळवायचे. ते कळवले, की पेन्शन चालू. न कळवले, की बंद.

यात हसण्यासारखे काही आहे खरे. पण मी एक प्रसंग जवळून पाहिला आहे. तो सांगितला, की हसू थांबेल. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत ज्या गुरुजींनी मला बाराखडी शिकवली, ते पत्नीच्या निधनानंतर परदेशी मुलाकडे राहावयास गेले. एक नोव्हेंबर तिकडेच गेला. दाखला द्यावा लागतो हे त्यांना ठाऊक होते; पण तिकडून तो कोणाच्या सहीने, कोणत्या कागदावर द्यायचा हे सांगणारे कोणी भेटले नाही. पेन्शन थांबली. वर्ष-दीड वर्षाने ते परत आले आणि बँकेच्या खिडकीसमोर उभे राहिले. मी त्यांच्याबरोबर होतो. कारकून तरुण होता, मनाने चांगला होता. तो म्हणाला, "गुरुजी, तुमची हयात नोंदलेली नाही." गुरुजी म्हणाले, "अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे ना?" त्यावर तो पोरगा खालच्या आवाजात म्हणाला, "मला दिसताय हो तुम्ही. पण कागदाला दिसत नाही."

पुढे ते काम झाले. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ह्या म्हणीप्रमाणे वेळ लागला, पण थकलेली रक्कम मिळाली. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य घर करून राहिले. माणूस समोर आहे आणि कागदाला दिसत नाही, अशी वेळ आली तरी कशी? इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मी ह्या प्रश्नाचा माग काढत मागे मागे गेलो. तेव्हा असे दिसले, की हा साधा दाखला म्हणजे दोन-तीनशे वर्षांची एक कहाणी आहे. आणि तिच्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच देशात घडलेला आहे. आज तीच कहाणी तुम्हांला सांगणार आहे.

मुळात पेन्शन देणाऱ्यापुढे प्रश्न दोन असतात. ज्याला पैसे द्यायचे तो जिवंत आहे काय, हा पहिला. आणि पैसे घ्यायला आलेला माणूस तोच आहे काय, हा दुसरा. जोवर देणारा आणि घेणारा एकाच पंचक्रोशीत राहत होते, तोवर हे प्रश्न फारसे उठत नव्हते. मराठेशाहीत लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक करून देण्याची चाल होती. ती कोणाला पोचते, ते पोर कोणाचे, हे सांगायला गावचा पाटील होता, कुलकर्णी होता. वतनाचा तंटा पडला तर सारी पांढरी साक्षीला बसे. गावात कोण मेले आणि कोण जन्मले हे दवंडी न पिटताही घरोघर ठाऊक असे. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, पण माणसाची ओळख पटवण्यासाठी कागदाकडे धाव घ्यावी लागत नव्हती. माणसाचे तोंड हाच त्याचा दाखला होता.

अडचण सुरू होते ती माणूस दूर गेला म्हणजे. आपल्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध पेन्शनर असाच दूर गेलेला होता. दुसरे बाजीराव पेशवे ३ जून १८१८ रोजी सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. दख्खन सोडून उत्तरेत राहायचे आणि कंपनी सरकारने त्यांना वर्षाला ८ लाख रुपये द्यायचे, असे ठरले. कानपूरजवळ गंगेच्या काठी बिठूर येथे ते राहू लागले. माल्कमने भलतेच औदार्य दाखवले, अशी त्याच्यावर टीका झाली. तेव्हा बाजीरावांचे वय ४३ वर्षांचे होते. ते त्यानंतर ३२ वर्षांहून अधिक काळ जगले आणि जानेवारी १८५१ मध्ये वारले. हिशेब केला तर अडीच कोटींहून अधिक रुपये कंपनीने मोजले. त्यांना मात्र कोणी हयातीचा दाखला मागितला नाही. कारण कंपनीचा एक इंग्रज अधिकारी कमिशनर म्हणून बिठूरलाच बसवलेला होता. पेशवे जिवंत आहेत की नाहीत एवढेच काय, कोण त्यांना भेटले हेही त्याला कळत असे. थोडक्यात, पेन्शनर दूर गेला तर सरकारने आपला डोळाच त्याच्या दारी नेऊन ठेवला!

बाजीराव गेले आणि पेन्शन त्याच दिवशी संपली. ती पुढे चालावी म्हणून दत्तक पुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवले. पण कंपनीने दाद दिली नाही. १८५७ च्या कारणांत ह्या नाकारलेल्या पेन्शनीचा उल्लेख इतिहासकार नेहमी करतात. एका माणसाच्या 'आहे' आणि 'नाही' ह्यांमध्ये राज्याच्या तिजोरीचे केवढे हित गुंतलेले असते, ते येथे स्पष्ट दिसते.

आता उलट बाजू पाहा. हिंदुस्थानच्या तिजोरीतून पेन्शन घेऊन परदेशात राहणारे पहिले मोठे पेन्शनर कोण? ते आपले लोक नव्हेत, ते इंग्रज. रॉबर्ट क्लाइव्हला बंगालच्या मीर जाफरकडून ५ लाख रुपये मृत्युपत्राने मिळाले होते. त्या रकमेतून १७७० साली एक फंड उभा राहिला आणि कंपनीच्या जायबंदी झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना व शिपायांना आणि त्यांच्या विधवांना त्यातून मदत मिळू लागली. पुढे राज्य राणीकडे गेले आणि येथे नोकरी करून विलायतेस परतलेल्या अधिकाऱ्यांची पेन्शने 'होम चार्जेस' ह्या सदराखाली हिंदुस्थानच्या महसुलातून जाऊ लागली. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या गळतीबद्दल जन्मभर आवाज उठवला, तिच्यात ही पेन्शने हा एक मोठा भाग होता. आपल्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून हजारो मैलांवरच्या एखाद्या निवृत्त कलेक्टरचा चहा होत होता म्हणा ना!

अशा दूरच्या माणसाच्या हयातीची खात्री कशी करायची, याची रीत युरोपात आधीच रुळलेली होती. तिकडच्या सरकारांनी अठराव्या शतकात कर्जे काढताना एक युक्ती केली होती. आज तुम्ही एकरकमी पैसे द्या, आम्ही तुम्हांला जन्मभर दरवर्षी ठराविक रक्कम देऊ, असा तो व्यवहार. जन्मभर म्हटले की जन्म केव्हा संपला हे कळले पाहिजे. म्हणून रक्कम घेणाऱ्याने गावच्या पाद्र्याच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या सहीचा कागद आणावा, असे ठरले. हा माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर जिवंत हजर झाला, एवढाच त्याचा मजकूर. हाच हयातीच्या दाखल्याचा पूर्वज. त्यात विश्वास होता तो सही करणाऱ्या प्रतिष्ठित माणसावर.

ही रीत इंग्रजांनी येथे आणली खरी, पण येथे ती पुरी पडेना. साहेबाला गावे ठाऊक नाहीत, माणसे ठाऊक नाहीत, भाषाही अर्धवट. पेन्शनर वारला तरी त्याच्या नावाने दुसराच कोणी येऊन पैसे घेऊन जातो, असा संशय त्याला सतत असे. आणि आता ह्या कहाणीतला तो महत्त्वाचा अध्याय येतो.

विल्यम हर्शेल नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी बंगालात जंगीपूर येथे होता. १८५८ साली त्याने रस्त्याच्या खडीचे काम राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक माणसाला दिले. करार झाला. पुढे 'ही सही माझी नव्हे' असे म्हणायची सोय राहू नये, म्हणून हर्शेलने त्याच्या पंजाला शाई लावून कराराच्या पाठीवर छाप उठवून घेतला. हेतू एवढाच, की माणसाला थोडा धाक बसावा. पण ते ठसे पाहता पाहता हर्शेलला नाद लागला. स्वतःच्या बोटांचे ठसे तो वर्षानुवर्षे घेत राहिला; ओळखीच्यांचेही घेत राहिला. त्याच्या ध्यानात आले, की एका माणसाच्या बोटावरच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत, आणि वय वाढले तरी त्या बदलत नाहीत.

१८७७ साली तो हुगळी जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टर होता. तेथे त्याने हे ठसे तीन ठिकाणी वापरात आणले: दस्तऐवजांच्या नोंदणीत, तुरुंगात, आणि पेन्शनरांच्या ओळखीसाठी. पेन्शनराच्या बोटांचे ठसे एकदा घेऊन ठेवायचे. पुढे पैसे घ्यायला येईल तेव्हा पुन्हा घ्यायचे आणि ताडून पाहायचे. मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस आला, तर बोट त्याला उघडे पाडील. ऑगस्ट १८७७ मध्ये त्याने ही पद्धत सर्वत्र चालू करावी म्हणून वरिष्ठांना लिहिले. कोणी मनावर घेतले नाही. लवकरच तो मायदेशी परतला. पण बीज पडले होते. फ्रान्सिस गाल्टनने १८९२ साली ठशांवर ग्रंथ लिहिला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले; ते जगातले पहिले मानले जाते. एडवर्ड हेन्री हा तिथला मोठा साहेब. पण ठशांचे वर्गीकरण प्रत्यक्ष बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन हिंदी पोलीस अधिकाऱ्यांचा फार मोठा वाटा होता. १९०१ साली ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली.

श्रोते हो, येथे क्षणभर थांबून पाहा. ठसा म्हटला की आज आपल्याला चोर आणि पोलीस आठवतात. पण कारभारात तो आला त्या पहिल्या ठिकाणांपैकी एक होते ते म्हाताऱ्या पेन्शनरांची रांग! ज्यांनी सरकारची आयुष्यभर चाकरी केली, त्यांच्याच बोटांना आधी शाई लागली. त्यात सोय होती, तसा अविश्वासही होता. निरक्षर माणसाला सही येत नाही, त्याची अडचण अंगठ्याने दूर झाली, ही सोय. आणि तुझ्या शब्दावर आमचा भरवसा नाही, तुझ्या शेजाऱ्याच्या शब्दावरही नाही, हा अविश्वास. हे दोन्ही धागे ह्या दाखल्यात तेव्हापासून एकत्र विणलेले आहेत.

पुढची कित्येक दशके ही कामे सरकारी खजिन्यात चालली. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पेन्शनच्या हुकमाचे दोन भाग असत. एक पेन्शनराजवळ, दुसरा खजिन्यात. त्यावर उंची आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या: 'उजव्या भुवईवर वण', 'डाव्या गालावर तीळ'. पेन्शनराने स्वतः हजर राहावे, कारकुनाने खुणा ताडून पाहाव्यात, मग पैसे. पडद्यातल्या स्त्रियांना आणि आजाऱ्यांना हजेरीची माफी असे. त्यांच्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचा हयातीचा दाखला चाले. तरीही वर्षातून एकदा त्या दाखल्याखेरीज वेगळी खात्री करून घ्यावी, असा दंडक होता. विधवेला तर मी पुन्हा लग्न केलेले नाही, असेही लिहून द्यावे लागे. ते लिहून देताना त्या माउलीला काय वाटत असेल, याचा विचार नियम करणाऱ्याने केला नसावा.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि परदेशातल्या पेन्शनरांचा प्रश्न दोन्ही बाजूंनी पुढे आला. विलायतेतल्या जुन्या गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने कोणी द्यायची? १९४८ च्या करारात भारताने सुमारे १६ कोटी ८० लाख पौंड देऊन त्याची तरतूद केली. दुसरी बाजू नेपाळची. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार झाला. गुरख्यांच्या १० रेजिमेंटांपैकी ६ भारताकडे आल्या आणि ४ ब्रिटनकडे गेल्या. आपल्या लष्करात चाकरी करून नेपाळच्या डोंगरात परतलेले हे जवान म्हणजे परदेशात राहणारे भारताचे पेन्शनर. त्यांची आणि त्यांच्या विधवांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यांच्यासाठी भारताने काठमांडू, पोखरा आणि धरण येथे पेन्शन देणारी कार्यालये उघडली. शिवाय दूरच्या भागांत पेन्शन वाटपाची शिबिरे भरत आली. ज्याला डोंगर उतरून येणे जड जाते, त्याच्याकडे सरकार निदान काही वाट चालून गेले. पुढे मी जे म्हणणार आहे, त्यासाठी हे उदाहरण लक्षात ठेवा.

१९७० नंतरच्या दशकात पेन्शन हळूहळू बँकांमार्फत मिळू लागली. रोख मोजून घेण्याऐवजी रक्कम खात्यात जमा होऊ लागली. सोय मोठी झाली, पण त्याबरोबर दरमहाची गाठभेट संपली. पूर्वी महिन्याला एकदा कारकून पेन्शनराचे तोंड पाहत असे. आता वर्षातून एकदा, नोव्हेंबरात. म्हणूनच त्या एका कागदावर एवढा भार आला. त्याच सुमारास मराठी घरांतली मुले अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आखाती देश येथे जाऊ लागली, आणि काही वर्षांनी त्यांचे आईबापही नातवंडांसाठी तिकडे राहू लागले. पैसा येथल्या खात्यात, माणूस सातासमुद्रापलीकडे. पैशाला समुद्र ओलांडायला आता क्षणही लागत नाही. माणूस जिवंत आहे ही साधी गोष्ट मात्र समुद्र ओलांडताना दमते.

तसा मार्ग नियमात आहे. केंद्र सरकारच्या नियमांनुसार परदेशी राहणाऱ्या पेन्शनराने तेथील भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याची, मॅजिस्ट्रेटची, नोटरीची किंवा बँक अधिकाऱ्याची सही घेऊन दाखला पाठवला, तर त्याला स्वतः हजर राहावे लागत नाही. आजारपणामुळे वकिलातीत जाता येत नसेल, तर डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडून कागद टपालाने वकिलातीकडे पाठवता येतात. आमच्या गुरुजींना हे कोणी सांगितले असते, तर पुढचा सारा त्रास वाचला असता. नियम नव्हता म्हणून ते अडले नाहीत. नियम त्यांच्यापर्यंत पोचला नाही म्हणून अडले.

आता कायद्याची एक गंमत सांगतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असे तत्त्व होते, की जो माणूस गेल्या ३० वर्षांत जिवंत होता असे दिसते, तो मेला आहे हे सिद्ध करण्याचा भार 'तो मेला' म्हणणाऱ्यावर आहे. आणि ज्यांना त्याची खबर लागायला हवी त्यांना ७ वर्षे काहीच खबर लागली नाही, तर मात्र तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही हे तत्त्व राहिले आहे. म्हणजे न्यायालय सात वर्षे वाट पाहते. पेन्शनचे खाते एका नोव्हेंबरनंतर थांबते. यावर उत्तर असे, की पेन्शन थांबवणे म्हणजे मृत ठरवणे नव्हे; दाखला आला की मागची थकबाकी मिळते. हे खरे आहे. पण ज्या घरात औषधपाणी पेन्शनवर चालते, त्या घराला थकबाकी उद्या मिळून आजची गोळी येत नाही.

याचा अर्थ सरकारने विचारूच नये असा नाही. २०१० साली जपानमध्ये टोकिओ शहरात १११ वर्षांच्या एका वृद्धाचा सत्कार करायला अधिकारी गेले, तेव्हा उघड झाले की तो सुमारे ३० वर्षांपूर्वीच वारलेला होता, आणि त्याच्या नावाची पेन्शन घरचे घेत होते. मग देशभर नोंदी तपासल्या. शंभरी ओलांडलेली सुमारे २ लाख ३४ हजार माणसे अशी निघाली, की ती कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात कोठे आहेत याचा पत्ता नाही. पेन्शनचा पैसा हा सर्वांच्या करातून येतो. तो मेलेल्याच्या नावाने जाता कामा नये. पण कागद दुसऱ्या बाजूनेही खोटे बोलतो. उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यातल्या लाल बिहारी ह्या माणसाला १९७६ साली कळले, की महसुली कागदांत आपण मृत आहोत आणि जमीन चुलत्याकडे गेली आहे. 'मृतक' हे टोपणनाव लावून तो लढला आणि १९९४ साली कागदावर पुन्हा जिवंत झाला. जपानमध्ये कागदाला मेलेला दिसला नाही. आझमगडात कागदाला जिवंत दिसला नाही. दोन्हीकडे चूक एकच: कागद माणसाच्या घरापर्यंत जाऊन आला नव्हता.

अलीकडे यंत्र आले आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू झाली. आधारशी जोडलेल्या यंत्रावर बोट ठेवायचे, की दाखला तयार. म्हणजे हर्शेलचा अंगठा सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा पेन्शनरांच्या रांगेत परत आला! पण खेड्यातल्या माणसाला ह्यातली खोच लगेच कळेल. जन्मभर नांगर धरला, भांडी घासली, विटा उचलल्या, त्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. वयाने कातडी सैल होते. बोटाचे नक्षीकाम बदलत नाही हे हर्शेलचे म्हणणे खरे. पण ते पुसट होते, हेही तितकेच खरे. यंत्र 'जुळत नाही' म्हणते आणि आजीबाई पदराला बोट पुसून पुन्हा ठेवते. यावर उपाय म्हणून डोळ्याच्या बुबुळाची खूण आली आणि नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला देण्याची सोय झाली. पांढरीने तोंड ओळखायचे दिवस गेले आणि आता यंत्र तोंड ओळखू लागले. परदेशातल्या पेन्शनराला याचा मोठाच उपयोग आहे, मात्र त्याच्याकडे आधार असले पाहिजे आणि हाताशी कोणी जाणते माणूस असले पाहिजे.

आता मला जे म्हणायचे आहे ते म्हणतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या घटनापीठाचे प्रमुख होते. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, हे त्या निकालाने पक्के केले. तो दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. जर पेन्शन हक्क आहे, तर हयातीचा प्रश्नही धनकोला विचारावा तसा अदबीने विचारला पाहिजे. पुरावा मागण्याचा अधिकार सरकारचा, तर तो देण्याची वाट सुकर करण्याचे कामही सरकारचेच. ह्या साऱ्या इतिहासात जेथे जेथे गोष्ट नीट झाली, तेथे सरकार चार पावले चालून गेले आहे. नेपाळच्या डोंगरात शिबिर भरले. २०१९ साली ८० वर्षांवरील केंद्रीय पेन्शनरांसाठी १ ऑक्टोबरपासूनच दाखला घेण्याची सवलत आली. २०२० पासून पोस्टमन यंत्र घेऊन घरी येऊ लागला. आणि हो, बिठूरलाही सरकार चालून गेले होते. फरक एवढाच, की तेव्हा ते पाळत ठेवायला गेले होते, आता सेवेला जायचे आहे.

पण सगळेच सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ नये. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावात किती पेन्शनर आहेत, त्यांतले किती मुलांकडे परदेशी किंवा परगावी आहेत, कोण अंथरुणाला खिळले आहे, याची एक यादी ऑक्टोबरातच करा. वरच्या वर्गातल्या चार मुलांना बरोबर घ्या आणि घरोघर जाऊन विचारा: दाखल्याचे काय केलेत? परदेशी गेलेल्यांच्या घरी वकिलातीच्या, नोटरीच्या सहीची माहिती चिठ्ठीवर लिहून द्या. मुलांना नागरिकशास्त्राचा धडा मिळेल आणि म्हाताऱ्याला औषध. पूर्वी जे काम पांढरी करीत होती, त्यातले चांगले तेवढे आपल्याला पुन्हा करता येईल.

आमचे गुरुजी आता गावातच असतात. गेल्या नोव्हेंबरात मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. तोच तरुण कारकून होता. त्याने गुरुजींना पाहिले, खुर्ची दिली, यादी त्यांच्यापुढे ठेवली. सही करून झाल्यावर गुरुजी मोडी वाचावी तसे ती सही बराच वेळ निरखीत राहिले आणि म्हणाले, "अक्षर बिघडलं रे माझं." कारकून म्हणाला, "बिघडू द्या गुरुजी. तुम्ही आलात, एवढं पुरे."

श्रोते हो, त्या खिडकीतून असे शब्द ऐकू यावेत, एवढ्यासाठीच हा सारा इतिहास तुमच्यापुढे मांडला. नमस्कार.